हृदयाची रात्रपाळी : अपुरी झोप आणि हृदयविकार यांचे नाते कसे उलगडले

रक्तदाब किती, साखर किती, कोलेस्टेरॉल किती, हे आकडे आज अनेकांना तोंडपाठ असतात. ओपीडीत फाइल उघडण्याआधीच पेशंट ते सांगून मोकळे होतात. पण "रात्री किती वेळ झोपता?" असे विचारले की बहुतेक जण थोडे गोंधळतात. "झोपेचे काय डॉक्टर, होते चार-पाच तास," असे उत्तर येते. काही जण तर हे अभिमानाने सांगतात. हृदयाच्या तपासणीत झोपेचा प्रश्न कशाला, असा भाव चेहऱ्यावर असतो.

यात पेशंटची काही चूक नाही. वैद्यकशास्त्रानेही हा प्रश्न फार उशिरा विचारायला सुरुवात केली. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० साली हृदयाच्या आरोग्यासाठी सात गोष्टींची यादी केली होती : आहार, व्यायाम, तंबाखूपासून दूर राहणे, वजन, कोलेस्टेरॉल, साखर आणि रक्तदाब. त्या यादीत झोप नव्हती. ती आठवी म्हणून आली २०२२ साली. म्हणजे जी गोष्ट आपली आजी रोज रात्री सांगत होती, ती हृदयरोगाच्या अधिकृत यादीत यायला एकविसाव्या शतकाची बावीस वर्षे जावी लागली.

एवढा उशीर का झाला? त्याचे एक साधे कारण आहे. डॉक्टर हृदय तपासत होते ते दिवसा, जाग्या माणसाचे. रात्री झोपेत हृदय काय करते, हे पाहण्याचे साधनच नव्हते. ते साधन कसे आले आणि त्यातून काय कळले, याची ही गोष्ट आहे. ती समजली की हृदय जपण्यासाठी नेमके काय करायचे हेही आपोआप समजते.

झोप म्हणजे मेंदूची गोष्ट

झोपेचे महत्त्व जुन्या वैद्यांना माहीत नव्हते असे मुळीच नाही. चरकसंहितेत शरीराला आधार देणारे तीन उपस्तंभ सांगितले आहेत : आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. जे नैसर्गिक वेग अडवू नयेत असे तेरा वेग तिथे सांगितले आहेत, त्यांतही झोप आहे. म्हणजे भूक आणि तहान यांच्याच पंगतीत झोपेला बसवले आहे. पण हे निरीक्षण होते. झोप तोडली तर शरीरात नेमके काय बिघडते, हे प्रयोगाने पाहायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले.

रशियातील पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी एक असलेल्या मारिया मनासेइना यांनी १८९४ साली आपले प्रयोग जाहीर केले. त्यांनी कुत्र्याच्या पिल्लांना सतत जागे ठेवले. पिल्लांना खाणेपिणे मिळत होते, तरीही ती चार-पाच दिवसांत मेली. अन्नावाचून पिल्ले त्याहून जास्त दिवस तग धरतात, हे त्यांना ठाऊक होते. मेलेल्या पिल्लांच्या शरीरात त्यांना सर्वांत जास्त बदल मेंदूत दिसले.

दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात पॅट्रिक आणि गिल्बर्ट यांनी तीन तरुणांना नव्वद तास जागे ठेवले. त्यांनी पाहिले ते प्रामुख्याने स्मरणशक्ती, प्रतिक्रियेचा वेग आणि लक्ष. झोप ही मेंदूची गरज आहे, हा समज इथून पक्का झाला. तो खोटा नव्हता, पण अपुरा होता.

या समजाचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९६४ च्या जानेवारीतले. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो इथला सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा रँडी गार्डनर २६४ तास, म्हणजे अकरा दिवस, जागा राहिला. झोपेचे संशोधक विल्यम डिमेंट त्याच्यावर लक्ष ठेवून होते. शेवटी तो पत्रकारांशी नीट बोलला, मग चौदा-एक तास झोपला आणि उठल्यावर ठणठणीत दिसला. यातून लोकांनी घेतलेला अर्थ असा : झोप बुडाली तर चिडचिड होते, विसरायला होते, आणि एकदा ताणून दिली की सगळे भरून निघते.

आता मागे वळून पाहिले तर चूक लगेच दिसते. सतरा वर्षांचा निरोगी मुलगा अकरा दिवस जागा राहिला, यावरून पंचेचाळिशीतला माणूस वीस वर्षे रोज दोन तास कमी झोपला तर त्याच्या रक्तवाहिन्यांचे काय होईल, हे कळत नाही. हृदयविकार अकरा दिवसांत होत नाही. तो वर्षानुवर्षे, आवाज न करता होत राहतो.

वीज आली, रात्र गेली

प्रयोगशाळेत हे चालू असताना बाहेरच्या जगात एक मोठा, कुणी न ठरवलेला प्रयोग सुरू झाला होता. १८७९ मध्ये एडिसनचा विजेचा दिवा आला. स्वतः एडिसन झोपेला वेळेचा अपव्यय मानत असे आणि आपण किती कमी झोपतो हे आवर्जून सांगत असे. दिव्याने रात्र संपवली असे नाही, पण रात्री काम थांबवावे लागण्याचे जे नैसर्गिक कारण होते ते मात्र संपवले.

त्याची झळ मुंबईच्या गिरणगावापर्यंत पोहोचली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली होती. गिरण्यांचे काम तेव्हा उजेडावर चाले. सूर्य उगवला की सुरू आणि मावळला की बंद. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे सर्रास आले. बाजारात तेजी होती. कामाचे तास चौदा-पंधरावर गेले. कामगारांनी विरोध केला, चौकशी समित्या बसल्या आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ साली ती अकरा तासांवर आणि १९३४ साली दहा तासांवर आली. १९४८ च्या कारखाना कायद्याने ती नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास केली.

चौदा तास काम, जाण्यायेण्याचा वेळ, अंघोळ, जेवण, पाण्याची रांग हे सगळे चोवीसातून वजा केले तर झोपेला काय उरत असेल? पुढे पाळ्या आल्या. चाळीतल्या एकाच खोलीत एक जण कामावर गेला की दुसरा त्याच जागेवर अंथरूण टाकी. दिवसा, शेजारच्या गलबल्यात, उकाड्यात जी झोप लागेल ती झोप. या कामगारांच्या फुप्फुसात जाणाऱ्या कापसाच्या तंतूंची चर्चा तरी झाली. त्यांच्या झोपेचा हिशेब मात्र कुणी ठेवला नाही.

रात्री रक्तदाब कुठे जातो?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मनगटाजवळची नाडी हजारो वर्षे पाहिली जात होती, पण रक्तदाब मोजण्याचा दंडावरचा पट्टा इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली आणला. स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे मोजण्याची पद्धत रशियाच्या कोरोटकॉव्ह यांनी १९०५ मध्ये दिली. इंग्लंडमध्ये लेनर्ड हिल यांनी १८९८ सालीच विश्रांती, झोप आणि काम यांत रक्ताभिसरण कसे बदलते यावर लिहिले होते आणि झोपेत रक्तदाब उतरतो हे नोंदवले होते. पण पट्टा फुगवला की झोपलेला माणूस जागा होतो. त्यामुळे पुढची साठ-सत्तर वर्षे हा विषय जवळपास तिथेच थांबला.

कोंडी फुटली १९६० च्या दशकात. दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेतील माँटाना राज्यात नॉर्मन होल्टर यांनी माणसाने अंगावर बाळगायचे आणि तासन् तास ईसीजी नोंदवणारे यंत्र तयार केले. त्यांचा महत्त्वाचा लेख १९६१ चा. आज आपण "होल्टर लावला" म्हणतो ते हेच. दुसरीकडे ऑक्सफर्डमध्ये सर जॉर्ज पिकरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाब दिवसरात्र मोजायला घेतला. दंडाच्या धमनीत एक बारीक नळी ठेवून, माणूस चालत-फिरत, जेवत, झोपत असताना त्याचा रक्तदाब सलग नोंदवला गेला.

त्या नोंदी पाहून डॉक्टर चकित झाले. रक्तदाब हा एक आकडा नसतोच. जिना चढताना, रागावताना, गप्पा मारताना तो वर जातो. आणि माणूस गाढ झोपला की तो खाली येतो, अगदी स्पष्टपणे. निरोगी माणसात रात्रीचा रक्तदाब दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी कमी असतो.

ही उतरण म्हणजे हृदयाची रोजची सुट्टी. एक साधा हिशेब करू. जागेपणी मिनिटाला ७० ठोके धरले, तर हृदय दिवसाला एक लाखाहून जास्त वेळा आकुंचन पावते. झोपेत मिनिटाला दहा ठोके कमी पडतात असे धरले, तर सात तासांत ४,२०० ठोके वाचतात. पाच तासच झोपलो तर वाचतात ३,०००. शिवाय प्रत्येक ठोका कमी दाबाविरुद्ध मारायचा असतो, म्हणजे तोही हलका. हृदय पूर्ण थांबू शकत नाही, त्यामुळे त्याला विश्रांती मिळण्याची ही मुख्य संधी असते.

१९८८ साली डब्लिनच्या इओन ओब्रायन यांनी एक छोटा पण दूरगामी मुद्दा मांडला. काही रुग्णांत रात्री रक्तदाब उतरतच नाही, आणि अशा रुग्णांत पक्षाघात झालेले लोक जास्त आढळतात. जपानमधील ओहासामा या गावच्या रहिवाशांच्या दीर्घ अभ्यासातून २००२ साली याला आणखी बळ मिळाले. रात्रीची ही उतरण ५ टक्क्यांनी कमी झाली, की हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणाऱ्या मृत्यूचा धोका सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला दिसला. दिवसा दवाखान्यात बरा दिसणारा रक्तदाब रात्री घात करू शकतो, हे आता आकड्यांत आले.

उतरण होते कशामुळे? आपल्या शरीरात दोन विरुद्ध कामे करणाऱ्या मज्जातंतूंच्या यंत्रणा आहेत. गाडीच्या भाषेत एक ॲक्सिलरेटर, दुसरी ब्रेक. ॲक्सिलरेटरला आम्ही सिंपथेटिक यंत्रणा म्हणतो. १९९३ साली व्हिरेंड सोमर्स आणि सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांच्या मज्जातंतूंत अतिशय बारीक सुई ठेवून या यंत्रणेचे संदेश थेट मोजले. गाढ झोपेत हे संदेश जागेपणाच्या निम्म्याहूनही कमी झाले. स्वप्नांच्या झोपेत मात्र ते पुन्हा वाढले. म्हणजे हृदयाला खरी विश्रांती देते ती गाढ झोप. झोप तुटली, कमी पडली किंवा अवेळी झाली, की पाय ॲक्सिलरेटरवरच राहतो.

जपानमधून आलेला एक शब्द

प्रयोगशाळेबाहेर हेच सत्य एका वेगळ्या, दुःखाच्या वाटेने समोर येत होते. १९६९ साली जपानमध्ये एका वृत्तपत्राच्या वितरण विभागात काम करणारा २९ वर्षांचा तरुण पक्षाघाताने गेला. अशी प्रकरणे वाढू लागली. तिशी-चाळिशीतले लोक, फारसा आजार नसलेले, अचानक हार्ट अटॅकने किंवा मेंदूतील रक्तस्रावाने जात. त्या सर्वांत समान गोष्ट एकच, महिनोन् महिने ओव्हरटाइम. टेत्सुनोजो उएहाता या डॉक्टरांनी याला "कारोशी" हे नाव दिले. कारोशी म्हणजे अतिकामाने आलेला मृत्यू. १९८८ मध्ये वकिलांनी आणि डॉक्टरांनी अशा कुटुंबांसाठी मदतीची फोनसेवा सुरू केली. फोन करणाऱ्यांत विधवा झालेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या.

२००१ साली जपान सरकारने भरपाईसाठी निकष ठरवले. आजाराआधीच्या महिन्यात १०० तास, किंवा दोन ते सहा महिन्यांत सरासरी महिना ८० तास ओव्हरटाइम झाला असेल, तर हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा कामाशी संबंध मोठा मानायचा. हे ८० आणि १०० कुठून आले? तज्ज्ञांनी झोपेवरून उलटा हिशेब मांडला होता. महिन्याला ८० तास ओव्हरटाइम करणाऱ्या माणसाला रोज सुमारे सहा तास झोप उरते आणि १०० तास करणाऱ्याला सुमारे पाच. म्हणजे कायद्याच्या भाषेत तास कामाचे दिसतात, पण मोजली आहे ती झोप.

पाळीच्या कामाबद्दलचा महत्त्वाचा पुरावा स्वीडनमधून आला. आंडर्स क्नुट्सन यांनी कागद कारखान्यातील ५०४ कामगारांचा पंधरा वर्षांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. पाळ्यांत काम करणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण जास्त होते आणि पाळीची वर्षे वाढतील तसा धोका वाढत गेलेला दिसला. मुंबईच्या गिरणीत जे कुणी मोजले नव्हते, ते इथे मोजले गेले.

आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

सामान्य लोकांच्या झोपेचा पहिला मोठा हिशेबही योगायोगाने हाती लागला. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने दहा लाखांहून अधिक लोकांची पाहणी केली. विषय होता कॅन्सर, पण प्रश्नावलीत झोपेचाही प्रश्न होता. १९६४ साली कायलर हॅमंड यांनी दाखवले, की सर्वांत कमी मृत्यू सुमारे सात तास झोपणाऱ्यांत होते. त्याहून बरेच कमी आणि बरेच जास्त झोपणाऱ्या दोघांतही मृत्यू अधिक होते.

१९९९ मध्ये शिकागोत ईव्ह व्हॅन कॉटर यांच्या गटाने अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार तास झोपू दिले. आठवडाही झाला नव्हता, तोवर त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता घसरली. संध्याकाळी कमी व्हायला हवे ते कॉर्टिसॉल हे ताणाचे हार्मोन वाढलेले राहिले. कमी झोप आणि मधुमेह यांची वाट अशी जोडली गेली, आणि मधुमेहाची वाट थेट हृदयाकडे जाते हे आपण जाणतोच.

२००३ साली अमेरिकेतील ७१ हजारांहून अधिक परिचारिकांच्या दहा वर्षांच्या अभ्यासात दिसले, की पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्या स्त्रियांत हृदयविकाराचा धोका आठ तास झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त होता. वजन, धूम्रपान, घोरणे यांचा हिशेब वजा केल्यानंतरचा हा आकडा आहे. २००८ साली शिकागोमधील एका अभ्यासात मनगटावरच्या यंत्राने झोप मोजली गेली. पाच वर्षांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियमचे नवे थर साचण्याचे प्रमाण जास्त झोपणाऱ्यांत कमी आढळले. त्याच वर्षी स्वीडनमधून आणखी एक नोंद आली. तिथे वसंतात घड्याळ एक तास पुढे करतात, त्यामुळे सगळ्या देशाची तासभर झोप जाते. त्यानंतरच्या कामाच्या पहिल्या तीन दिवसांत हार्ट अटॅक सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेले दिसले.

इथे थोडे थांबून विचार करायला हवा. यातले बरेच अभ्यास निरीक्षणाचे आहेत. जो कमी झोपतो त्याला कामाचा ताण असतो, पैशाची चणचण असते, कधी आधीच एखादा आजार असतो. जास्त झोपणाऱ्यांतही धोका दिसतो, त्याचे एक कारण आजारी माणूस जास्त झोपतो हेही असू शकते. म्हणून "पाच तास झोपलात, आता हार्ट अटॅक येणारच" असा अर्थ कुणी काढू नये. ४५ टक्के वाढ ही मूळ धोक्यावरची वाढ आहे. तिशीतल्या निरोगी व्यक्तीचा मूळ धोका लहान असतो. ज्याला आधीच रक्तदाब, मधुमेह आहे किंवा तंबाखू आहे, त्याच्यासाठी मात्र हीच वाढ मोठी ठरते.

घोरणारा पोरगा

काही जण आठ तास अंथरुणावर असतात आणि तरीही त्यांच्या हृदयाला विश्रांती मिळत नाही. चार्ल्स डिकन्सच्या १८३६-३७ मधील "पिकविक पेपर्स" या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो दार ठोठावता ठोठावता, उभ्या उभ्या झोपतो. १९५६ साली अमेरिकेत बर्वेल यांनी एका लठ्ठ रुग्णाची हकिगत लिहिली. पत्ते खेळताना हातात उत्तम पाने असूनही त्याला डुलकी लागली होती. त्यांनी या आजाराला पिकविकचेच नाव दिले. १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतील संशोधकांनी अशा रुग्णांची रात्रभर नोंद घेतली, तेव्हा खरा प्रकार कळला. झोपेत त्यांचा श्वास वारंवार अडत होता आणि प्रत्येक वेळी मेंदू त्यांना क्षणभर जागे करत होता.

हाच स्लीप ॲप्निया. श्वास अडला की ऑक्सिजन घसरतो, सिंपथेटिक यंत्रणा खडबडून जागी होते, रक्तदाब उसळतो. तासाला तीस वेळा असे झाले तर रात्रीची उतरण कुठून येणार? पूर्वी यावर गळ्याला छिद्र पाडणे हाच मोठा उपाय होता. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हलक्या दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवण्याची युक्ती पाच रुग्णांवर यशस्वी केली. तेच आजचे सीपॅप यंत्र.

पण इतिहासाने इथेही एक धडा दिला. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या २,७०० हून अधिक ॲप्निया रुग्णांवरचा मोठा प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सीपॅपने त्यांची दिवसाची सुस्ती कमी झाली, मन प्रसन्न झाले, पण पुढचे हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. हे रुग्ण यंत्र रात्री सरासरी फक्त ३.३ तास वापरत होते. शिवाय त्यांच्या रक्तवाहिन्यांचे नुकसान आधीच झालेले होते. माझ्या मते यातून घ्यायचे ते असे : यंत्र दिले तर ते रात्रभर वापरा, आणि आजार होण्याची वाट न पाहता लवकर तपासा. रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांना ते पर्याय नाही.

मग हृदय जपायचे कसे?

एक छोटा अभ्यास मला फार आवडतो. क्रिस्टिना ऑर्थ-गोमेर यांनी १९८३ साली ४५ स्वीडिश पोलिसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी पोलिसांना कुठलीही गोळी दिली नाही, फक्त पाळ्यांची दिशा बदलली. आधी रात्र, दुपार, सकाळ अशी उलटी फिरणारी पाळी होती. ती सकाळ, दुपार, रात्र अशी घड्याळाच्या दिशेने केली. चार आठवड्यांत त्यांचा वरचा रक्तदाब, साखर आणि रक्तातील चरबी उतरली, झोपही सुधारली. काम तेच आणि माणसे तीच. फक्त वेळापत्रक शरीराच्या घड्याळाला मानवेल असे झाले.

म्हणून माझा पहिला सल्ला पेशंटना नाही, तर ड्युटी लावणाऱ्यांना आहे. रुग्णालय, कारखाना, पोलीस ठाणे, एसटी आगार, कॉल सेंटर, कुठेही असा, पाळी पुढच्या दिशेने फिरवा आणि दोन पाळ्यांमध्ये पुरेसा वेळ ठेवा. गिरण्यांच्या इतिहासावरून दिसते, की झोप वाचवण्यात कायदा आणि वेळापत्रक यांचा वाटा मोठा आहे. सगळा भार एकट्या माणसाच्या इच्छाशक्तीवर टाकणे अन्यायाचे आहे.

आपल्या हातात असलेल्या गोष्टी अशा :

१. प्रौढांनी रात्री किमान सात तास झोपेसाठी राखून ठेवावेत. झोपण्या-उठण्याची वेळ शक्यतो रोज सारखी ठेवा.

२. रक्तदाब गोळ्या घेऊनही आटोक्यात येत नसेल, तर गोळी बदलण्याआधी डॉक्टरांना आपल्या झोपेबद्दल सांगा. गरज असेल तर चोवीस तासांची रक्तदाब नोंद करता येते. रात्रीची उतरण तिथेच दिसते.

३. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडणे, गुदमरून जाग येणे, सकाळी डोके दुखणे, दिवसा डुलक्या येणे, यांपैकी काही असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. ही लक्षणे बहुधा शेजारी झोपणाऱ्यालाच दिसतात, म्हणून येताना घरच्या माणसाला बरोबर आणा.

४. रात्रपाळी टाळता येत नसेल तर दिवसाच्या झोपेला रात्रीइतकाच मान द्या. खोलीत अंधार, फोन बंद आणि घरच्यांना स्पष्ट सूचना. पाळीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी टाळा, कारण कॅफिनचा असर कित्येक तास राहतो. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि चरबी तपासा.

५. अंथरुणावर पडूनही झोप येत नसेल तर मेडिकलमधून स्वतःच झोपेच्या गोळ्या आणू नका. दीर्घकाळच्या निद्रानाशावर विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धती प्रथम वापरावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ सालीच केली आहे. आणि हे वाचून "आता माझ्या हृदयाचे काय" या काळजीने आणखी झोप घालवू नका. एखादी रात्र बिघडली म्हणून काही होत नाही.

६. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणे, असे काही झाले तर "जागरण झाले असेल" म्हणून पडून राहू नका. लगेच रुग्णालय गाठा.

झोप सुधारली म्हणून चालू गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. झोप ही आठ गोष्टींतली एक आहे, बाकीच्या सातांची जागा ती घेत नाही. पण ती अशी गोष्ट आहे, जी बाकीच्यांना हात देते. झोप पुरी झाली की दुसऱ्या दिवशी चालायला जाण्याची ताकद राहते, गोड खाण्याची ओढ कमी होते, सिगारेटची तलफ आवरता येते.

पुढच्या वेळी रक्तदाब तपासायला जाल तेव्हा आधीच्या आठवड्यातली झोप एका कागदावर लिहून न्या. रोज किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, मध्ये कितीदा जाग आली. डॉक्टरांनी विचारले नाही तर आपणहून दाखवा. दवाखान्यात आम्ही दिवसाचे हृदय पाहतो. रात्रीचे हृदय कसे आहे, याची पहिली बातमी आम्हाला तुमच्या त्या कागदावरूनच मिळते.